जागतिकीकरण मोजायचं तर बोटी नका मोजू, भाव बघा

आमच्या एका ग्रुपवर दर दोन महिन्यांनी तोच फॉरवर्ड येतो, की जागतिकीकरण वगैरे आपण पाच हजार वर्षांपूर्वीच करून बसलोय, हडप्पाचे मणी मेसोपोटेमियात सापडतात. मणी सापडतात हे खरंय. मग कोणीतरी म्हणतो, अहो ते १९९१ ला आलं, तिसरा वास्को द गामाला आणतो, १४९८, कालिकत, आणि भांडण सुरू. यात कोणीच विचारत नाही की बाबा, तू मोजतोयस काय?

हा प्रश्न नीट विचारला केविन ओ'रूर्क या आयरिश आर्थिक इतिहासकाराने. हार्वर्डमधून १९८९ ला पीएचडी, मग कोलंबिया, डब्लिन, २०११ पासून काही वर्षं ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजात प्रोफेसर. २००२ साली त्याने हार्वर्डच्याच जेफ्री विल्यमसनबरोबर एक पेपर लिहिला, विषय एवढाच की जागतिकीकरण सुरू कधी झालं. उत्तर आलं, एकोणिसाव्या शतकात, आणि १४९२ नाही न् १४९८ नाही. कोलंबस आणि गामा दोघेही आउट! यावर बरेच लोक चिडले. फ्लिन आणि हिराल्देझ हे दोन इतिहासकार तर १५७१ वर ठाम आहेत, कारण त्या साली स्पॅनिश लोकांनी फिलिपिन्समध्ये मनिला वसवलं आणि अमेरिकेची चांदी थेट चीनकडे जायला लागली.

पण मला उत्तरापेक्षा त्यांची मोजपट्टी आवडते, त्यामुळे जरा तिच्यावरच रेंगाळतो.

समजा लासलगावात कांदा १५ रुपये किलो आहे आणि वाशीला २५. मधला खर्च, म्हणजे भाडं, हमाली, अडत, बारदान, रस्त्यात सडेल ती घट, सगळं मिळून ६ रुपये. म्हणजे ४ रुपये नुसते पडलेत, कोणीतरी ट्रक भरणारच. एक भरला की दुसरा भरतो, लासलगावात मागणी वाढून भाव चढतो, वाशीत माल वाढून उतरतो, आणि हे तोपर्यंत चालतं जोपर्यंत फरक ६ वर येत नाही. म्हणजे दोन गावांतल्या भावाचा फरक हाच मधल्या सगळ्या अडथळ्यांचा मीटर झाला, रस्ता, जकात, चोर, बातमी उशिरा कळणं, सगळं त्यात आलं.

आता खरी गंमत. उद्या ट्रकची संख्या दुप्पट झाली तर दोन बाजार जवळ आले का? सांगता येत नाही. मुंबईकर जास्त कांदा खायला लागले तरी ट्रक वाढतील, पण तेव्हा दोन्हीकडचे भाव वर जातील, फरक ६ चाच. नाशकात बंपर पीक आलं तरी ट्रक वाढतील, दोन्हीकडचे भाव खाली, फरक परत ६. फक्त रस्ता चांगला झाला किंवा नाक्यावरची वसुली थांबली तरच एकीकडचा भाव वर आणि दुसरीकडचा खाली जातो, दोघं एकमेकांकडे सरकतात. ओ'रूर्क-विल्यमसन म्हणतात तसं सरकणं दिसलं तरच त्याला जागतिकीकरण म्हणा, नाहीतर तो नुसता वाढलेला व्यापार.

ही पट्टी लावून त्यांनी जुने आकडे काढले. १५०० ते १८०० मध्ये युरोपचा बाहेरचा व्यापार वर्षाला साधारण १ टक्क्याने वाढत होता, पण सतराव्या-अठराव्या शतकात लवंगेचा आग्नेय आशियातला भाव आणि ॲमस्टरडॅमचा भाव काही जवळ येईनात. का येतील? मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी मक्तेदारी करून बसलेली. मग १८७० ला लिव्हरपूलचा गहू शिकागोपेक्षा ५७.६ टक्के महाग, १९१३ ला फक्त १५.६. आपल्याकडचं बघा, मुंबई आणि लिव्हरपूलच्या कापसातला फरक १८७३ ला ५७ टक्के, १९१३ ला २०. लंडनच्या भावाशी कलकत्त्याच्या तागाचा फरक ३५ वरून ४. रंगूनच्या तांदळाचा ९३ वरून २६.

मधे काय झालं ते शाळेत वाचलेलं असतं, फक्त जोडून कोणी दाखवत नाही. १८६९ ला सुएझ उघडला, आगबोटींना कोळसा कमी लागायला लागला, वऱ्हाडात रेल्वे गेली, १८७० ला मुंबई लंडनशी तारेने जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव कळायला आधी आठवडेच्या आठवडे, आता काही तास. त्यामुळे खामगावच्या कापसाच्या बाजारात वजनकाट्याशी उभ्या दलालाला सातासमुद्रापलीकडचा भाव जवळजवळ ताजा मिळायला लागला.

माणूस प्रामाणिक आहे हेही सांगतो. याच जोडीने २००९ मध्ये परत लिहिलं की युरोपातल्या मसाल्यांपुरता गामाने फरक पाडला होता, बाकी महागाईच्या मानाने मिरी सोळाव्या शतकात खरंच स्वस्त झाली. आपल्याच म्हणण्याला ठिगळ लावायला धाक वाटत नाही असे प्रोफेसर कमी.

पुढचा भाग थोडा जड आहे. भाव जवळ आले की फक्त धान्य स्वस्त होत नाही, मजुरी आणि जमिनीचा खंड यांचं प्रमाण हलतं. इंग्लंडमध्ये आधी हे प्रमाण ठरायचं देशात माणसं किती आणि जमीन किती यावर, एकोणिसाव्या शतकात ते बाहेरच्या गव्हाच्या भावाशी बांधलं गेलं, म्हणजे बाहेरचा स्वस्त गहू आल्याने खंड खाली आणि मजुरी वर, आणि जिथे जमीन मुबलक त्या अमेरिकेत बरोब्बर उलटं. साहजिकच ज्यांचं नुकसान ते ओरडतात. १८७९ ला बिस्मार्कने बाहेरच्या धान्यावर कर लावला, १८९२ ला फ्रान्सने आयात-कराची भिंत उंच केली. जागतिकीकरण आपल्या यशामुळेच शत्रू तयार करतं हा ओ'रूर्कचा मुद्दा ब्रेक्झिटच्या आधी बरीच वर्षं छापून आलेला होता, तेव्हा सगळे 'जग सपाट झालं' म्हणून नाचत होते.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा मला हाच मीटर आठवला. माल जायचा बंद, की बाहेरचा भाव आणि लासलगावचा भाव लगेच एकमेकांपासून लांब. वाशीचं गिऱ्हाईक खूश, चांदवडला रास्ता रोको. मे २०२४ ला बंदी उठली ती पण ४० टक्के शुल्क लावून. बिस्मार्कने शेतकऱ्यासाठी परक्याचं धान्य अडवलं होतं, आपण गिऱ्हाइकासाठी घरचा कांदा अडवला.