कमरेच्या मणक्यासमोरची शीर

कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की पाठीवरचा छेद डोळ्यांसमोर येतो. पण झिजलेली गादी काढून तिथे आधार बसवायचा असेल, तर पोटाकडूनही जाता येतं. पाठीचे स्नायू शाबूत राहतात. इंग्लंडमध्ये शल्यविशारद नॉर्मन कॅपनर यांनी १९३२ मध्ये ही वाट सुचवली. पुढच्याच वर्षी बर्न्स यांनी मणका पुढे सरकलेल्या १४ वर्षांच्या मुलावर ती वापरली आणि त्याच्याच नडगीच्या हाडाचा तुकडा आधाराला बसवला.

या वाटेवर मोठ्या रक्तवाहिन्या आडव्या येतात. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, कमरेच्या चौथ्या मणक्यापाशी दुभंगते. त्याच्या किंचित खाली, थोडं उजवीकडे, दोन्ही पायांकडच्या शिरा मिळून अधोमहाशिरा, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणारी मोठी शीर, तयार होते. शेवटची गादी बहुधा या फाट्याच्या बेचक्यात मोकळी सापडते. संगम खाली असला, तर डावी शीर थेट गादीवरच पसरलेली असते. धमनी बोटाला ठोके देते. शीर मात्र ओढून धरली की चपटी होते, पातळ पडद्यासारखी दिसते. ती फाटली तरी कधी कधी ताण सोडल्यावरच रक्त दिसतं.

शिरांच्या रचनेतले असे फरक गर्भावस्थेतले. तिथे शिरांच्या अनेक जोड्या येतात, जुळतात, विरतात. यात कुठे काय उरू शकतं, याचा हिशोब मांडून मॅक्‌क्लूर आणि बटलर या संशोधकांनी १९२५ मध्ये १४ संभाव्य रचना दाखवल्या. म्हणजे बर्न्स यांच्या ऑपरेशनआधीच हे ज्ञान कागदावर होतं. पण समोरच्या रुग्णात कोणती रचना आहे हे सहज दाखवणारं साधन नव्हतं. ते सीटीने दिलं. पहिल्या रुग्णाचं सीटी १९७१ मध्ये लंडनला झालं, तेही मेंदूचं, पोटाचं त्यानंतर. मग एमआरआय आला.

आता तर मणक्याचा एमआरआय बहुतेक रुग्णांचा आधीच झालेला असतो. पण तो वाचला जातो मज्जातंतूंसाठी. श्वासाने आणि रक्तप्रवाहाने चित्र बिघडू नये म्हणून पोटाच्या बाजूचा संदेश मुद्दाम दाबतात, आणि नेमक्या शिराच काळ्या पट्टीत जातात. माझ्या मते पुढून जायचं ठरलं, की ही काळी पट्टी काढून एमआरआयची आडव्या कापांची चित्रं पुन्हा घ्यायला सांगावीत किंवा शिरांचं सीटी करावं.

२०१२ च्या सुमारास रुग्णाला कुशीवर निजवून डावीकडून, महाधमनी आणि सोआस (कमरेच्या मणक्यांच्या बाजूचा मोठा स्नायू) यांच्यामधून गादी गाठण्याची तिरकी पद्धत रूढ होऊ लागली. काही थोड्या माणसांत अधोमहाशिरा दुहेरी असते किंवा डावीकडेच असते. ती शीर नेमकी याच फटीत येते.