दहा हजार फॉलोअर्स झाले की नाव होतं?

पैठणला पैठणी विणणारा असो की बालाघाटात सीताफळ विकणारा, "आधी इन्स्टाग्रामवर दहा हजार फॉलोअर्स करा, मग ऑनलाइन नाव होतं" असं सांगणारा भेटतोच. मग काहीजण चक्क विकत घेतात. तिथंच गाडं अडतं.

विकत घेतलेली खाती बहुतेक बनावट. ती ना बघतात, ना बोलतात. दहा हजारांत चाळीस लाइक म्हणजे ०.४ टक्के, आणि गिऱ्हाइकाला हे एका नजरेत कळतं. वर ही खाती इन्स्टाग्राम अधूनमधून उडवतं, ते वेगळंच. रील पुढं सरकते ती लोक किती वेळ बघतात, लाइक करतात आणि दुसऱ्याला पाठवतात यावर; इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ मध्ये हेच सांगितलं.

म्हणून पाठवण्याजोगं काहीतरी द्या. सीताफळाचे डोळे उघडलेत, फटी पिवळसर-पांढऱ्या दिसतात, म्हणजे फळ उतरवायला आलं: एवढंच तीस सेकंदांत, पहिल्या तीन सेकंदांत फळ हातात धरून दाखवा. नमस्कार-चमत्कार नंतर. गाव, माल आणि हंगाम बायोत, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीत लिहा. "स्वप्नांचा प्रवासी" वाचून कुणी पेटी मागवत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज एका वेळी अनेकांना पाठवायची यादी) २५६ जण घातले तरी ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. पेटी देतानाच गिऱ्हाइकाकडून तुमचा नंबर सेव्ह करून घ्या.