परीकथांचे जलरंग आणि छापखान्याची करामत

परीकथेचे चित्र म्हटले की धूसर तपकिरी जंगल, वळसे घेत पसरलेली मुळे आणि पाण्यात विरघळावे तसे फिकट आकाश डोळ्यांसमोर येते. हे रूप कथांइतके जुने नाही. ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला तेव्हा त्यात चित्रेच नव्हती. १८२३ च्या इंग्रजी भाषांतरासाठी जॉर्ज क्रुकशँक यांनी चित्रे काढली, पण ती धातूच्या पत्र्यावर कोरलेली आणि निव्वळ रेषेची होती.

आपल्या पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा छापखाना उभा राहिला. तेथील शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. देवादिकांची ठसठशीत चित्रे त्या पद्धतीत उत्तम उतरत. जलरंगातला एकात एक मिसळत जाणारा हात मात्र त्यात जसाच्या तसा उतरवणे फार कठीण होते.

ही अडचण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या तिरंगी हाफटोन छपाईने दूर केली. मूळ चित्राची रंगीत काचांतून छायाचित्रे घेऊन पिवळा, लाल आणि निळा असे तीन ठसे तयार होत. त्यांवरचे बारीक ठिपके नीट उमटायला गुळगुळीत कागद लागे, म्हणून रंगीत चित्र वेगळे छापून पुस्तकात चिकटवत आणि वर पातळ कागद घालत. आर्थर रॅकहॅम यांनी हे तंत्र पुरते ओळखले होते. ते आधी शाईची रेषा पक्की करत आणि मग तिच्यावर पातळ रंगाचे थरावर थर चढवत; छपाईत एखादा रंग किंचित सरकला तरी रेषा आकार सांभाळून धरी. त्यांची चाळीस रंगीत चित्रे असलेली ग्रिमकथांची आवृत्ती १९०९ साली आली. एडमंड ड्युलॅक यांनी रेषेचा आधार कमी केला आणि गडद निळ्या छटांतूनच आकार घडवले. १९११ च्या त्यांच्या अँडरसनकथांतील हिमराणी पाहावी.

या परंपरेतील एक मराठी दुवा मला फार मोलाचा वाटतो. रॅकहॅम यांच्याच वर्षी, १८६७ मध्ये, कोल्हापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घडलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी १९१४ साली सी. ए. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’साठी चित्रे काढली. त्यातील कथा म्हणजे पुण्यातल्या घराघरांत श्रावणात वाचल्या जाणाऱ्या आपल्या वारांच्या कहाण्या. इंग्रजीतही त्यांचे नगर आटपाटच राहिले. धुरंधरांचा पिंड धुक्यात रमणारा नव्हता. लुगड्याचा काठ, पदराची चुणी, अंगावरचे दागिने यांवर त्यांची नजर किती पक्की होती, हे पुढे १९२० मध्ये ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी काढलेल्या चित्रांतही दिसते. मराठी परीकथाचित्रांचा इतिहास लिहिणाऱ्याने धुरंधरांना रॅकहॅम आणि ड्युलॅक यांच्या शेजारीच जागा द्यायला हवी.