वोनहाइम की वेगे? जर्मनीत खोली घेण्याआधी

जर्मनीला निघालेल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जून-जुलैत एकच विषय असतो: रूम मिळाली का? कुणाला वोनहाइम (विद्यार्थ्यांची इमारत) मिळालेलं असतं, कुणी वेगे (काही जणांनी मिळून घेतलेला फ्लॅट) शोधत असतो आणि घरचे दोन्हींना ‘हॉस्टेल’ म्हणून मोकळे होतात. वरवर पाहता फरक दिसतही नाही. खोली आपली, किल्ली आपली, स्वयंपाकघर आणि बहुतेकदा बाथरूम सगळ्यांत मिळून. पण वोनहाइममध्ये यादीत नंबर लागला की खोली मिळते. वेगेत आधीपासून राहणारी माणसं तुम्हाला पसंत करतात. शेजार कसा मिळेल, जर्मन किती कानावर पडेल, भांडणं कशावरून होतील, सगळं इथेच ठरतं.

वोनहाइम म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची इमारत. काही चर्चची असतात, काही खासगी, पण बरीचशी श्टुडिअरेंडनवेर्क या संस्थेची. मेन्सा म्हणजे कँटीनही तीच चालवते. दर सत्राला विद्यापीठात जे शुल्क भरता, त्यातला काही भाग तिला जातो. भाडं बाजारापेक्षा बरंच कमी, त्यामुळे रांग लांब. म्युनिकमध्ये काही इमारतींसाठी सत्रामागून सत्रं थांबावं लागतं. तेव्हा प्रवेशाचं पत्र येण्याची वाट न बघता, जिथे चालतं तिथे आधीच अर्ज टाकून ठेवावा. आपल्या हॉस्टेलसारखा रेक्टर नाही, मेस नाही, रात्री गेट बंद होत नाही. मुलगे-मुली एकाच मजल्यावर राहतात. (हे आईबाबांना निघण्याआधीच सांगितलेलं बरं, पहिल्या व्हिडिओ कॉलवर नको.)

म्युनिकमध्ये १९७२च्या ऑलिंपिकसाठी महिला खेळाडूंना राहायला बांधलेली वस्ती आज विद्यार्थ्यांची आहे. छोटी छोटी दुमजली घरं, आणि दर्शनी भिंत ज्याने त्याने हवी तशी रंगवलेली. असं एखादं वोनहाइम म्हणजे लहानसं गावच. विद्यार्थ्यांनी निवडलेले प्रतिनिधी असतात, मुलांनीच चालवलेला बार असतो. पण हे गाव विद्यार्थ्यांचं, शहराचं नव्हे. स्वयंपाकघरात इराणी, तुर्की, चिनी, एखादा बव्हेरियन भेटेल, बोलणं मात्र इंग्रजीतच होईल. त्यात आपली संख्या: २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारतीय विद्यार्थी ४९ हजारांच्या पुढे होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वाधिक. शनिवारी खिचडी, रविवारी क्रिकेट आणि दोन वर्षांनी जर्मन जिथल्या तिथे. सोबत मिळते हे खरं, आणि पहिल्या हिवाळ्यात ती लागतेही. पण जर्मन लोक राहतात कसे, हे बघायचं असेल तर वोनहाइम अपुरं पडतं.

वेगे म्हणजे साध्या इमारतीतला साधा फ्लॅट, तीन-चार जणांनी मिळून घेतलेला. साठच्या दशकातल्या विद्यार्थी चळवळीने अशा घरांना वेगळीच हवा दिली. १९६७मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये सुरू झालेलं ‘कोमुने आइन्स’ हे सामूहिक घर तर देशभर गाजलं. आज त्यात बंड काही उरलेलं नाही. नर्स, सुतारकाम शिकणारा, पीएचडीवाली, सगळे वेगेत राहतात. आणि वरच्या मजल्यावर एक आजी असतात, ज्या रविवारी बाटल्या काचेच्या कंटेनरमध्ये टाकल्या तर तुम्हाला ऐकवतात. माझ्या मते भाषेचा खरा वर्ग तोच.

आत शिरायचं तर ‘कास्टिंग’. स्वयंपाकघराच्या टेबलाशी चहा नाहीतर बिअर, आणि अर्धा तास गप्पा. सीजीपीए कुणी विचारत नाही. शनिवारी काय करतोस, स्वयंपाक एकत्र आवडतो का, स्वच्छतेचं काय, हे विचारतात. आपली मुलं इथे मुलाखतीसारखी ताठ बसतात आणि ‘आय अ‍ॅम व्हेरी अ‍ॅडजस्टिंग’ म्हणतात. त्यापेक्षा पोहे उत्तम करतो हे सांगणं जास्त उपयोगी. फ्रिजवर ‘पुत्सप्लान’ लावलेला असतो: या आठवड्यात बाथरूम कोणाकडे, कचरा कोणाकडे. तो गंभीरपणे घ्यायचा. फोडणीच्या वासाचं बहुतेक कुणाला वाकडं नसतं. थंडीतही खिडकी पाच मिनिटं सताड उघडून हवा बदलली नाही, तर मात्र भिंतीला बुरशी येते आणि डिपॉझिट कापलं जातं.

जाहिरातीत ‘त्स्वेक-वेगे’ दिसलं तर समजा, फक्त भाडं वाटून घेणारं घर. ज्याची त्याची खोली, ज्याचं त्याचं दूध. चार मराठी मुलांनी मिळून घेतलेला फ्लॅटही कागदोपत्री वेगेच, पण त्यात जर्मन आयुष्य फक्त घरमालकाच्या ईमेलमधून येतं. उलट काही वोनहाइममध्ये चार खोल्या आणि एक स्वयंपाकघर असे वेगळ्या दाराचे फ्लॅट असतात, आणि तिथे शेजारी जर्मन लागले तर दोन्हीकडचं चांगलं मिळतं.

या दाराला पैशातही किंमत आहे. रेडिओ-टीव्हीचं शुल्क २०२१पासून महिना १८.३६ युरो आहे, आणि ते माणशी नव्हे, घरटी. वेगेत एकाने भरायचं, बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. वोनहाइमच्या सामाईक कॉरिडॉरवर उघडणारी प्रत्येक खोली मात्र वेगळं घर धरतात, म्हणून पूर्ण रक्कम एकट्यावर. अनेकांना हे पत्र आल्यावरच कळतं.

कागदपत्रांत वोनहाइम सरळ आहे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. ऑफिस ते देतं. वेगेत करार बघावा. सगळे मिळून मुख्य भाडेकरू असतील तर एकाने भाडं थकवलं की मालक ते तुमच्याकडून पूर्ण मागू शकतो. तुम्ही पोटभाडेकरू असाल तर मालकाची परवानगी आहे का, ते विचारा. ‘पत्ता नोंदवता येणार नाही’ असं कुणी म्हणालं तर ती खोली सोडा. खोली न दाखवता आधी डिपॉझिट मागणारा, किल्ली पोस्टाने पाठवतो म्हणणारा, हा ठगच.

सोडतानाचाही हिशेब वेगळा. वेगेत मुदत न घातलेला करार असेल तर साधारण तीन महिने आधी लेखी कळवायचं. ईमेल चालत नाही, सहीचं पत्र लागतं. वोनहाइमचे करार बहुधा सत्राला बांधलेले असतात आणि एकूण किती सत्रं राहता येईल यावरही मर्यादा असते, म्हणून थीसिस लांबण्याची चिन्हं दिसली की वेगेचं कास्टिंग तेव्हाच सुरू करावं.