आयलंड ओटा हवा असेल, तर फरशीआधी बोलवा

आम्ही किचनचे ओटे आणि ट्रॉल्या करतो. आयलंडची, म्हणजे भिंतीपासून सुट्या, किचनच्या मधल्या ओट्याची चौकशी आमच्याकडे बहुतेक वेळा फरशी बसल्यानंतर येते. ट्रॉल्यांचा रंग ठरलेला असतो, आणि मग प्रश्न येतो : "मधल्या ओट्यावर मिक्सरचा पॉइंट निघेल ना?" निघतो, पण नवी फरशी फोडून. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, तुमचाही आणि आमचाही.

आयलंडला भिंत नसते, त्यामुळे वायर जमिनीतूनच वर आणावी लागते. फरशीखालच्या मसाल्यात २५ मिमीचे दोन पाइप टाकून घ्या : एक आजच्या वायरसाठी, दुसरा रिकामा. इंडक्शन लावणार असाल तर त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि ४ चौरस मिमीची तांब्याची वायर हवी. मिक्सरच्या वायरवर ते चालवू नका. पाइप नेमका कुठे वर येतो, हेही महत्त्वाचं आहे. इलेक्ट्रिशियन अंदाजाने मधोमध काढतो आणि तो बरोबर ट्रॉलीच्या वाटेत येतो. आम्ही ट्रॉल्यांच्या मागे ८० ते १०० मिमी जागा सोडतो. पाइप त्याच पट्ट्यात यायला हवा. म्हणूनच आधी ड्रॉइंग, मग फरशी, असा आमचा आग्रह असतो.

फरशी आधीच बसली असेल, तर भिंतीपासून आयलंडपर्यंतची टाइल्सची एक ओळ उखडावी लागते. काढताना टाइल्स सहसा फुटतात आणि नव्या लॉटची छटा जुळत नाही, म्हणून बिल्डरकडून त्याच लॉटचा एखादा बॉक्स मागून ठेवा. अनेक सोसायट्यांत दुपारी फोडकाम बंद ठेवावं लागतं, तेही दिवस ठरवताना धरा. हे सगळं नको असेल तर ओट्याची एक अरुंद बाजू भिंतीला टेकवा. वायर भिंतीतून येते, तीन बाजूंनी वावरता येतं. लहान किचनला आम्ही हाच पर्याय आधी सुचवतो, जरी त्यात आमचं काम कमी निघतं.

आयलंडवर सिंक मात्र आम्ही टाळायलाच सांगतो. सांडपाण्याच्या पाइपला ४० ला १ असा उतार धरला, तर तीन मीटरमध्ये ७५ मिमी खाली जावं लागतं. त्यात ५० मिमीचा पाइप मिळवला की १२५ मिमी झाले. फरशीखाली एवढी खोली साधारणपणे नसते, आणि स्लॅब आम्ही फोडत नाही : आत सळई असते, खाली दुसऱ्याचं घर असतं. गॅसची नळीही फरशीखालून नेत नाही, कारण तिथली गळती दिसत नाही.

मापं घेताना भिंतीपासून भिंतीपर्यंतचा आकडा पुरत नाही. वावरायची जागा ग्रॅनाइटच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा. मुख्य ओटा ६०० मिमी, कामाची जागा १०५०, आयलंड ६००, पलीकडची वाट ९०० : एकूण ३१५० मिमी, म्हणजे जवळपास साडेदहा फूट. आठ फुटी किचनमध्ये हे बसत नाही. तिथे आयलंड डायनिंगच्या बाजूला सरकवावा लागतो. त्यासाठी मधली भिंत पाडायची असेल तर आधी ती कशाची आहे ते पाहा. माइव्हन पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतलेल्या इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही. डिशवॉशर असेल तर त्याचं दार सुमारे ६०० मिमी बाहेर येतं; ते उघडं असताना मागून जाता येतं का, ते जमिनीवर खडूने आखून बघा.

उंची घरात पोळ्या कोण लाटतं त्यावर ठरवा. उभं राहून कोपरापर्यंतची उंची मोजा आणि त्यातून १०० ते १५० मिमी वजा करा. पोळपाट इथेच ठेवणार असाल तर त्याची उंचीही वजा करा. बसायला जागा हवी असेल तर माणशी ६०० मिमी रुंदी आणि गुडघ्यांसाठी ३०० मिमी पुढे आलेला दगड लागतो. एवढ्या पुढे आलेल्या २० मिमी ग्रॅनाइटला खालून लोखंडी आधार आम्ही देतोच. दर कमी करण्यासाठी तो वगळत नाही.

साइट पाहून ड्रॉइंग देण्याचे पैसे आम्ही घेतो आणि ऑर्डर दिल्यास ते बिलातून वजा करतो. त्या ड्रॉइंगवर पाइपची जागा मिमीमध्ये लिहिलेली असते. काम दुसऱ्या कोणाकडून करून घेतलंत तरी ते तुमच्या गवंड्याला आणि इलेक्ट्रिशियनला वापरता येतं. फोन करण्याआधी बिल्डरचा प्लॅन आणि फ्रिज, डिशवॉशर, इंडक्शनचे मॉडेल नंबर हाताशी ठेवा.