वीस आठवड्यांची रेघ

१९७१च्या गर्भपात कायद्याला स्त्रीच्या हक्काचा कायदा म्हणतात. मूळ मजकुरात तसा हक्क शोधून सापडत नाही. १८६०च्या दंडसंहितेचं कलम ३१२ (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८८) गर्भपात करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि पोटातली हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. स्वतः स्त्रीही आरोपी ठरते. १९७१ने एवढंच केलं, की अटी पाळणाऱ्या डॉक्टरला त्यातून वगळलं. गर्भनिरोधक फसलं ही सबब तर तेव्हा फक्त विवाहितेला होती. कुटुंबनियोजनाचा तो काळ होता, ते इथे लपत नाही.

गर्भात जीव कधी येतो, हा धर्मशास्त्रांचा प्रश्न कायद्याने बाजूला ठेवला आणि आठवडे मोजले. इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेत जीव येतो तो १२० दिवसांनी, आणि हे दिवस गर्भधारणेपासूनचे. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे साधारण १९ आठवडे. कॅथलिक चर्चने तर १८६९ मध्ये बहिष्काराच्या शिक्षेपुरता जीव आलेला आणि न आलेला गर्भ हा भेदच काढून टाकला.

खरी अडचण झाली १९७१च्या कायद्यातल्या २० आठवड्यांच्या मर्यादेने. व्यंग शोधणारी सोनोग्राफी होते १८ ते २० आठवड्यांत. शंका आली की हृदयाची इको, कधी गर्भजल तपासणी. तिच्या अहवालाला आणखी दोन-तीन आठवडे. पक्कं निदान हाती येईतो मुदत गेलेली. २००८ मध्ये मुंबईतलं एक जोडपं नेमकं असंच उच्च न्यायालयात गेलं: २४वा आठवडा, बाळाच्या हृदयात पूर्ण ब्लॉक, म्हणजे ठोक्यांचे विद्युत संकेतच अडलेले. २० आठवड्यांपुढे तेव्हा या कायद्याचं कलम ५ लागायचं, आणि ते फक्त आईचा जीव वाचवण्यापुरतं. परवानगी नाकारली गेली. कायद्याच्या शब्दाबाहेर न्यायालय जाऊ शकत नव्हतं हे खरं. पण तो शब्द बदलायला पुढे तेरा वर्षं लागली, याला काय म्हणायचं?

धर्मनिरपेक्ष बाजूतही एकमत नव्हतंच. गर्भपाताची मुभा हवी पण मुलगी आहे म्हणून गर्भपात नको, ही भूमिका स्त्रीचळवळीने घेतली आणि लिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रात झाला. मग व्यंग म्हणून चालतो तो कसा, हा अपंग-हक्कवाल्यांचा सवाल अजून तसाच आहे.

२०२१च्या दुरुस्तीने काही गटांना २४ आठवडे दिले, त्यापुढे, आईचा जीव वाचवणं सोडलं, तर फक्त वैद्यकीय मंडळाने ठरवलेलं गंभीर व्यंग. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही त्या गटांत धरलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र दोन मुलांच्या, प्रसूतीनंतरच्या नैराश्याने त्रासलेल्या विवाहितेला २६ आठवडे उलटल्यावर नकार मिळाला: गर्भ निरोगी, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही. त्याच आठवड्यात गर्भात गंभीर व्यंग निघालं असतं, तर मंडळाला परवानगी देता आली असती.