डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची फिजिओथेरपी : आमच्याकडे येण्याआधी हे वाचा

‘बाळ चालेल कधी?’ बहुतेक पालक आधी हेच विचारतात. डाऊन सिंड्रोम असलेली मुलं साधारण २ वर्षांच्या आसपास चालू लागतात. काही बरीच आधी, काही चौथ्या वर्षी. आमचा भर मात्र चालणं लवकर येण्यापेक्षा नीट येण्यावर असतो.

२१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असल्यामुळे या मुलांचे स्नायू सैल आणि सांध्यांचे अस्थिबंध ढिले असतात. मग मूल आपली सोय शोधतं : पाय फाकवून उभं राहतं, गुडघे मागे ताणून धरतं, पावलं बाहेर वळवतं. सवय जडली की पुढे गुडघे आणि तळपाय कुरकुरतात. मालिश जरूर करा, बाळाला बरं वाटतं. पण मालिशने ताकद येत नाही.

तान्हं बाळ उताणं असताना मांड्या बेडकासारख्या बाहेर पडत असतील, तर ते जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, दोन्ही बाजूंनी टॉवेलच्या गुंडाळ्या लावा. थोडं मोठं झालं की पाय जमिनीला टेकतील अशा छोट्या स्टुलावर बसवा आणि खेळणं दिवाणावर ठेवा. उठणं जमतं, परत बसताना मात्र मूल धपकन आपटतं. तिथे कमरेला हात देऊन सावकाश बसवा. खरी ताकद त्या बसण्यातच वाढते.

आजीचा लाकडी पांगुळगाडा चालेल, पण मूल धरून उभं राहू लागल्यावरच. आणि तो पुढे पळू नये म्हणून त्यावर तांदळाची पिशवी ठेवा. आत बसवायचा चाकांचा वॉकर नकोच.

पुढे तोल पक्का करायला हिरवळ, वाळू, चढ-उतार हवेत. नागपूर तसं सपाट, त्यामुळे सेमिनरी हिल्सकडे न्या. मे महिन्यात अर्थातच पहाटे.

मानेची काळजी घ्या. या मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून कोलांट्या आणि ट्रॅम्पोलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मान दुखणं किंवा वाकडी होणं, चाल अचानक बिघडणं, लघवीवरचा ताबा जाणं, यांतलं काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. पहिल्या भेटीला टू-डी इको आणि थायरॉईडचे रिपोर्ट आणा. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्याची चौकशी करा. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या या संरक्षणात ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही येतो. आमच्या पावत्या जपून ठेवा.